ठिपके जिथे जमले

आमच्या घरात माझ्या छंदाला ‘रिठं हिंडणं’ म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. सरकारी दप्तरात त्याचं नाव असतं, शीव असते, फक्त माणूस नसतो. वाशीम जिल्ह्यात अशी रिठं बरीच आहेत. कुठे चिंचेची चार झाडं, कुठे शेंदूर फासलेला मारोतीचा दगड, नांगरताना वर येणारी खापरं, आणि नशीब असलं तर एखादी विहीर. मी रिसोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि रविवारी मोटरसायकल काढून या विहिरी शोधत फिरतो. सापडली की फोनमध्ये तिची जागा नोंदवायची आणि कुणालाही उघडता येईल अशा नकाशावर चढवायची. बायको म्हणते, जित्या माणसांच्या घरी लग्नाला यायला तुम्हाला वेळ नसतो आणि मेलेल्या गावांना बरोबर जाता.

या येडेपणात मी एकटा नाही. वाशीमच्या कोर्टात कारकून असलेला एक जण आहे, तो सायकल चालवतो आणि आपल्या वाटेची रेघ फोनवर उमटवतो. रिसोडातलाच एक तरुण दुकानदार छोटं ड्रोन उडवतो. आणखी दोघे-तिघे आहेत. आमचा फोनवर एक गट आहे आणि गटाचे दोन नियम आहेत, दोन्ही मीच केलेले. पहिला, खाणाखुणा लिहायच्या नाहीत, फक्त आकडे. बाभूळ तोडली जाते, गोठा पडतो, शेताचा धुरा, म्हणजे बांध, तर रात्रीतून सरकतो. अक्षांश-रेखांशाचे आकडे सरकत नाहीत. दुसरा नियम असा की वेगवेगळ्या जागी असलेल्या दोघांना एकच आकडे आले, तर ते कचरा समजून पुसून टाकायचे. फोन कधीकधी आळस करतो, आकाशातल्या उपग्रहांचं न ऐकता जवळच्या टॉवरचीच जागा आपली म्हणून सांगतो, म्हणून हा नियम. तो केला तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आता आईबद्दल सांगतो, कारण हे सगळं तिच्यामुळेच आहे. तिचा जन्म केनवडच्या पुढच्या एका रिठातला. म्हणजे तेव्हा ते गाव होतं. घरच्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली त्यानंतर दोन-तीन वर्षांतच गाव उठलं, नाल्याच्या पुरानं घरं नेली आणि लोक रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. आई तेव्हा लहान होती. गावातल्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नसत, म्हणून तिच्या बापानं, माझ्या आजोबानं, भावांना हाताशी धरून वस्तीसाठी वेगळी विहीर खणली होती. काठ बांधायला दगड पुरले नाहीत, तेव्हा घरातलं फुटकं जातं त्यानं काठात बसवलं. ही जात्याची गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली आहे.

दोन वर्षांपूर्वी आईला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर आई रडली नाही. थेंब घालून घेता घेता म्हणाली, "गावातल्या मारोतीची विहीर तू नकाशात टाकली ना? मंग माह्या बापाची काहून नाही? डोये हायेत तोवर मले एकदा ते दाखव अन् तुह्या नकाशात टाक. बस."

मी त्याआधी तिकडे एकदा जाऊन आलो होतो आणि मला फक्त मारोती आणि त्याच्याजवळची विहीर मिळाली होती. आपली विहीर कुठे होती, असं आईला विचारलं की ती म्हणे, "उगवतीकडं. लय लांब." लहान पोरीला डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन चालताना सगळंच लांब वाटणार, असा मी हिशेब केला आणि ते ‘लांब’ मनातल्या मनात निम्म्यावर आणलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. वाटेत धुवारी लागली, आमच्याकडे दाट धुक्याला धुवारी म्हणतात. केनवड ओलांडेपर्यंत ती इतकी उतरली की मोटरसायकलचा उजेड पुढच्या चाकापलीकडे जाईना. शेतांमधल्या पांदणीच्या तोंडाशी गाडी लावली आणि आईचा हात धरून चालायला लागलो. मारोतीपर्यंत फोननं बरोबर नेलं. तिथून मी उगवतीकडे वळलो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली तूर, फुलोऱ्यातून टपटप गळणारं पाणी, आणि बाकी काही नाही. मोटारपंप नाही, बैलाच्या गळ्यातली घंटा नाही, पाखरूसुद्धा नाही.

आई दमली म्हणून आम्ही थांबलो. मी फोन पाहिला. आम्ही उभे होतो आणि ठिपका चालत होता.

सावकाश चालत होता, माणसाच्या चालीनं. आधी मला वाटलं आपणच हललो असू. मी पाय रोवून उभा राहिलो. ठिपका तुरीतून, नाल्यावरून, कुणाचंही शेत न विचारता सरळ पुढे निघाला होता आणि तो ‘मी’ होतो. मग तो एका जागी थांबला. फोन बंद करून चालू केला. ठिपका तिथेच. मी पुढे गेलो, मागे आलो, ठिपका हलला नाही. आम्हाला सोडून तो कुठेतरी जाऊन पोचला होता.

खरं सांगतो, मला भीती वाटली. वर्गात मी पोरांना सांगतो की फोनला काही कळत नसतं, तो फक्त ऐकतो. वरून उपग्रह वेळ सांगतात, ती इथे पोचायला लागलेल्या क्षणांवरून तो आपली जागा काढतो. आवाज बंद पडले किंवा मधूनच कुणी मोठ्यानं खोटं बोललं, तर तो तेही मुकाट्यानं ऐकतो. हे शिकवताना मला कधी काही वाटलं नव्हतं. पण त्या तुरीत उभं राहून वर पाहिलं तर वर आकाशच नव्हतं, नुसता पांढरा ओला लोळ, आणि त्यातून कोण बोलतंय याची मला काही खात्री नव्हती.

"चाल ना," आई म्हणाली.

चाललो. बऱ्याच वेळानं एक बुजगावणं लागलं. काठीला फाटकं पोतं आणि वर मडकं. ते ओलांडून नाकासमोर चालत राहिलो, आणि पुन्हा ते पोतं समोर. मी आईला काही बोललो नाही. तिला जवळचं अंधूक दिसायचं, तिला कळणार नाही असं वाटलं. तिसऱ्यांदा पोतं आलं तेव्हा तीच म्हणाली, "चकवा लागला."

"चकवा-बिकवा काही नसतो, माय. धुवारी आहे."

"मी कुठं म्हनते धुवारी नाही? दोनी बी हायेत." ती धुऱ्यावर खाली बसली. "चकवा लागला का बसा लागते. चालत राह्यलं का थो आनखी फिरवते. अन् तुह्या फोनले बी बसव जराशी."

मी चिडलो. तरी बसलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिनं कनवटीची सुपारी काढून खाल्ली. मग उठली आणि माझा शर्ट मागून धरून म्हणाली, आता तुले जिकडं वाटते तिकडं चाल. कुठे गेलो, किती गेलो, मला सांगता येणार नाही. मध्ये उतार लागला, पायाखाली वाळू आली, पुन्हा चढ लागला. नाला ओलांडला हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पुन्हा तूर लागली. तुरीत शिरलो आणि थोड्याच वेळात मागून शर्टाला हिसका बसला.

"थांब. खडा टाक."

हे आमच्या घरातलं जुनं वळण आहे. विहिरीकडे जाताना आधी खडा टाकायचा आणि कान द्यायचा. वस्तीच्या विहिरीचा काठ जमिनीलगत होता, ज्वारीतून पळत येणारी पोरं आत पडू नयेत म्हणून मोठ्यांनी ते लावलेलं. आईनं ते आम्हा भावंडांनाही लावलं, काठ चांगला छातीएवढा असला तरी.

"इथे कुठं विहीर आहे?"

"पाय गार लागून राह्यले मले. टाक म्हनलं ना!"

तिची कटकट थांबावी म्हणून मी एक ढेकूळ उचललं आणि समोर फेकलं. पानं सळसळली. झालं का समाधान, असं म्हणणार होतो तोच आणखी एक छोटा दगड तिनंच माझ्या बाजूनं टाकला. काहीच आवाज झाला नाही. आणि मग खालून, आमच्या पायांच्या खालून यावा तसा, डुबुक असा आवाज आला.

तूर हातानं बाजूला केली. दोन पावलांवर गवत संपत होतं आणि काळं पोकळ होतं. मी आईला धरून खाली बसलो. ती मात्र हातानं चाचपडत काठाकडे सरकली. दगडांवरून बोटं फिरवत फिरवत एका जागी थांबली. तिथे जात्याची तळी होती. अर्धी फुटलेली, मध्ये खुंट्याचं भोक असलेली. आई पोटावर पालथी झाली आणि डोकं आत घातलं. मी तिचे पाय धरले होते.

"पानी दिसते," ती म्हणाली. मला रडू येत होतं ते मी दाबलं नाही, तिला तरी कुठे दिसणार होतं.

मी फोन काढला. ठिपका आहे तिथेच होता. एवढ्या वेळात उपग्रह ठिकाणावर आले असतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि बटण दाबून जागा नोंदवली. जात्याचा फोटो घेतला, त्यात जातं आणि धुकं एवढंच आलं. तेवढ्यात धुक्यात कुठेतरी जीपचा भोंगा वाजला. त्या आवाजाच्या रोखानं चालत आम्ही डांबरी रस्त्यावर निघालो, जीपला हात केला आणि घरी आलो. आईच्या पायात काटे होते, अंग गार पडलं होतं. मागे वळून खूण करावी, एखादी चिंधी बांधावी, असं माझ्या मनातही आलं नाही. नियमच होता ना. विहीर माझ्या खिशात होती.

दुपारी गाडी आणायला गेलो, संध्याकाळी गट उघडला. कल्ला चालला होता. दुकानदाराचं ड्रोन सकाळी हवेत असताना त्याला आपण कुठे आहोत तेच कळेना झालं, ते वाऱ्यासोबत वाहत गेलं आणि आजवर मिळालेलं नाही. कारकून वाशीमला आपल्या घराच्या गच्चीवर सायकल पुसत होता आणि त्याचा ठिपका केनवडच्या पुढे एका शेतात. त्यानं पडद्याचं चित्र टाकलं होतं. दुकानदारानंही टाकलं. तिसऱ्यानंही टाकलं. सगळ्यांचे ठिपके एकाच जागी, एकावर एक. रिकाम्या शेतात, नाल्याच्या पलीकडे.

मी माझे आकडे काढले. तेच होते, शेवटच्या अंकापर्यंत.

कुणी म्हणालं सूर्यावर वादळ झालं असेल, कुणी म्हणालं कुणीतरी मुद्दाम खोटे इशारे सोडले. खरं कुणालाच माहीत नव्हतं, नंतरही कळलं नाही. दुपारपर्यंत सगळं ठीक झालं होतं आणि ज्यांना छंद नाही त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. दुसरा नियम सांगत होता की हा कचरा आहे. सगळ्यांनी आपापले आकडे पुसले. मीही पुसले.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकर थापत होती, अंदाजानं. "म्हंजे हरपली?"

"सापडेल. मारोतीच्या आसपासच असेल."

"एवढे दिवस नोती तं नोती," ती म्हणाली. "भेटून हरपली हे वाईट झालं बापा."

नंतरचे रविवार मी त्या रिठात काढले. तूर निघाली, रान मोकळं झालं, तरी मारोतीच्या उगवतीला विहीर म्हणून काही नव्हतं. शेतमालकाला जात्याचा फोटो दाखवला. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाला, "इथं कोन्ती विहीर गुरुजी? मी जन्मापासून वाहून राह्यलो हे वावर." तो खोटं बोलत नव्हता. परत येताना मला वाटायला लागलं की आपण दोघं त्या दिवशी कुठे होतो? जिथे होतो ती जागा आहे ना? गाडी चालवताना मी फोनकडे पाहायचं टाळायला लागलो. तो निळा ठिपका माझ्यासोबत निमूट चालायचा, आणि हा आता कोणत्याही क्षणी मला सोडून चालायला लागेल असं वाटून मानेवर काटा यायचा.

फेब्रुवारी सरता सरता आईची उरलेली नजरही गेली. सकाळी तिनं चहाच्या कपासाठी हात फिरवला आणि कप तिच्या समोरच होता. मी कप तिच्या हातात दिला. ती एवढंच म्हणाली, "झालं वाटते." त्या दिवशी मी शाळेत गेलो नाही.

रविवार आला की ती विचारायची, भेटली का? मी नाही म्हणायचो. एका रविवारी तिनं वेगळंच विचारलं. "तुह्या त्या सोबत्याहीचे ठिपके जमले होते थे कुठं?"

"ते खोटं होतं, माय. ते सोड."

"कुठं म्हनते मी."

मी सांगितलं. मारोतीपासून उगवतीला, नाला ओलांडून, बरंच पुढे.

"लय लांब?"

मी हातातला फोन खाली ठेवला.

"मंग मी इतके वर्स काय सांगून राह्यली? आमाले गावाच्या जवळ कोन राहू देत होतं?" ती चिडली नव्हती, तरी मला तोंड वर करवेना. शिकलेल्या पोरानं आपल्याच आईचं अंतर अर्ध्यावर आणलं होतं. आमची वस्ती गावापासून किती दूर ढकललेली असेल हे मला पुस्तकातून माहीत होतं, आणि नकाशावर मात्र मी ती मारोतीच्या कुशीत शोधत होतो.

पुढच्या रविवारी आईला घेऊन गेलो. कारकून सायकल घेऊन वाशीमहून आला, दुकानदार ड्रोनशिवाय आला. कारकून म्हणाला, मी त्या रस्त्यानं गेलोय सर, तिथे काहीच नाही, नुसती घाणेरीची जाळी आहे. त्यानं आकडे पुसले होते, पण ते चित्र गटावर तसंच होतं. फोन आता सरळ वागत होता. वावरात तुरीची खुटं होती, ऊन कडक होतं. सगळीकडे स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही मला डिसेंबरच्या धुक्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. जाळीजवळ पोचलो. मी माझा फोन कारकुनाच्या चित्राशेजारी धरला. ठिपक्यावर ठिपका बसला.

जाळीच्या मागच्या बाजूनं गवत होतं. आईनं माझा शर्ट मागून धरला होता. मी काही बोलायच्या आत तिनं वाकून जमिनीवरून खडा शोधला आणि टाकला.

काहीच आवाज झाला नाही. आणि मग डुबुक.

जातं तिथेच होतं. दोघेही सोबती गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे पाहत राहिले. हे कसं झालं, मला माहीत नाही. उपग्रह बिघडू शकतात, इशारे खोटे होऊ शकतात, सगळ्यांचे फोन मिळून एकच चुकीची जागा सांगू शकतात, हे सगळं मी फळ्यावर समजावून देऊ शकतो. पण पृथ्वीवरच्या एवढ्या जागा सोडून त्यांनी हीच का सांगितली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते मागायला कुणाकडे जावं हेही मला कळत नाही. माझ्या दंडावर तेव्हा आलेला काटा हे लिहितानाही आला आहे.

मी जागा नोंदवली. या वेळी खाणाखुणाही लिहिल्या, घाणेरी, नाला, फुटकं जातं, सगळ्या. आई काठाशी बसली होती, हात जात्यावर. तिनं आवाजावरून ओळखून दोघांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या घरांची विचारपूस केली.

"या विहिरीवर गावातलं कोनी कधी आलं नाही," ती त्यांना म्हणाली. "आमी वाट बी पाह्यली नाही. पन माह्या बापाले वाटे, याव कोनी तरी." मग ती माझ्याकडे वळली, म्हणजे मी होतो त्या बाजूला. "त्या दिवशी, धुवारीत, कितीक जन आले होते रे हितं?"

कारकून खाली पाहत होता.

"सगळेच आले होते, माय," मी म्हणालो.